सहकाराचा गंध
(नभोवाणीवरील भाषण)

रामनवमीच्या दिवशीं पोहरादेवीस जो गेला नाहीं, त्याला त्या गांवाची खरी कल्पना यावयाची नाहीं. एरव्हीं हें वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतलें एक लहानसें गांव. परंतु संत सेवालाल महाराजांची समाधि येथें आहे, जगदंबेचें देऊळ आहे, आणि म्हणून साऱ्या देशांतील बंजारा समाज या गांवाला आपली काशी मानतो. सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ सालचा. त्यांच्या दर्शनासाठीं त्या दिवशीं विदर्भ-मराठवाड्यांतून, तेलंगणांतून, कर्नाटकांतून तांडेच्या तांडे लोटतात. नंगारा घुमत असतो, आणि होमांत तूप व नारळ जळत असल्यामुळें त्या धुराचा एक दाट, गोडसर वास सगळ्या माळावर पसरून राहिलेला असतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं येथें बंजारा समाजाचें मोठें संग्रहालय उघडलें, त्याविषयीं आपण वर्तमानपत्रांतून वाचलें असेलच. मला आज सांगावयाचें आहे तें संग्रहालयाबाहेरचें, एका लिंबाखालचें.

त्या लिंबाच्या सांवलींत एक वृद्ध अत्तरवाला आपली कांचेची पेटी मांडून बसला होता. हिना, केवडा, खस, गुलाब या जुन्या मंडळींच्या शेजारीं त्यानें नव्या कुप्याहि ठेविल्या होत्या. विलायती सुगंधांच्या वासाबरहुकूम बनविलेलीं हीं तेलें हल्लीं प्रत्येक जत्रेंत दिसतात. वीस-बावीस वर्षांचा एक तरुण त्यांतल्या एका कुपीचा फाया मनगटावर फिरवून पुनःपुन्हां हुंगत होता. शेवटीं तो जरा संकोचानेंच म्हणाला, “चाचा, हे लय गोड येऊन राह्यलं. अननसावानी. पोरीचं तं नाही ना हे?”

त्याचे सोबती हंसले. अत्तरवाला हंसला नाहीं. “भाऊ, आत्ताच नको सांगू,” तो म्हणाला. “उनात एक चक्कर मारून ये, मंग सांग.”

तरुण गर्दींत दिसेनासा झाला. मी मात्र त्याच्या प्रश्नापाशींच थांबलों. पिकलेल्या फळाचा गोड वास पुरुषाच्या अंगाला शोभतो कीं नाहीं, हा त्याचा प्रश्न. तो विचारतांना त्याचा चेहरा जो उतरला होता, त्यावरून त्याला ही बाब हंसण्यावारी नेण्यासारखी वाटत नव्हती हें उघड होतें. चारचौघांत आपल्याला बायकी म्हणतील, ही ती धास्ती. ही धास्ती त्याला कोठून लाभली? आपल्या वाडवडिलांकडून लाभली असें आपण सहज समजूं. पण जुने ग्रंथ उघडून पाहिले तर तेथें निराळेंच दिसतें.

पुरावा शोधण्यास फार लांब जावयाचें कारण नाहीं. ज्या वाशीमच्या जिल्ह्यांत पोहरादेवी आज मोडते, तें वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ सालीं वाशीम येथें विंध्यशक्ति दुसरा याचा ताम्रपट सांपडला, तो वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. याच शाखेंतील हरिषेण राजाच्या काळीं, पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, त्याचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. आज या गांवाच्या रस्त्यांवरून हिंडतांना तें वैभव डोळ्यांपुढें आणणें कठीण. तरी दहाव्या शतकाच्या आरंभाचा राजशेखर हा कवि या नगराचें वर्णन कामदेवाचें क्रीडास्थान असें करितो, आणि आपल्या काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशीं गांधर्व विवाह दुसरीकडे कोठें न लावतां येथें वत्सगुल्मांतच लावतो. विदर्भाकडे रूक्ष कापूसपट्टी म्हणून पाहणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मंडळींनीं हें लक्षांत ठेवावें.

वात्स्यायनाच्या कामसूत्रांतहि वत्सगुल्माच्या लोकांचा उल्लेख येतो, तो राजवाड्यांतील चालीरीतींच्या प्रसंगानें. पण आपल्याला त्या ग्रंथांतलें दुसरें एक प्रकरण हवें आहे. नागरकानें, म्हणजे सुखवस्तु, सुशिक्षित शहरी गृहस्थानें, आपला दिवस कसा घालवावा हें त्यांत सांगितलें आहे. सकाळीं उठावें, दांत घासावे, बेताची उटी अंगास लावावी, धूप घ्यावा, माळ घालावी, मग आपल्या कामाला लागावें. त्याच्या शेजेजवळच्या चौरंगावर काय काय असावें त्याची यादीहि आहे. रात्रींची उरलेली उटी, फुलांच्या माळा, मेणाची डबी, सुगंधाची पुडी, तांबूल. आणि या सर्वांच्या जोडीला महाळुंगाची साल. महाळुंग म्हणजे लिंबाच्या जातीचें मोठें, जाड सालीचें, अतिशय सुवासिक फळ. सुगंधाच्या पुडीशेजारीं फळाची साल ठेवणारा हा गृहस्थ पुरुष आहे, आणि ती तेथें असल्याबद्दल ग्रंथकार कोणाची क्षमा मागत नाहीं. त्याचा कटाक्ष एकाच गोष्टीवर आहे: उटी बेताची हवी.

महाळुंग आंबट-गोड, त्याचा वासहि तरतरीत. कोणी म्हणेल, हें तर आजच्या कोलन वॉटरसारखें झालें, त्यांत नवल तें काय? तेव्हां आतां आंब्याकडे वळूं.

संस्कृतांत आंब्याला पुष्कळ नांवें आहेत. त्यांतील सहकार हें नांव अमरसिंहानें अत्यंत सुगंधी आंब्यासाठीं राखून ठेविलें आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहिता लिहिली. ग्रहगति, पाऊस, भूकंप, वास्तु, रत्नें या सर्वांबरोबर त्यानें गंधयुक्ति म्हणजे सुगंध सिद्ध करण्याची विद्या यावर एक स्वतंत्र अध्याय घातला, आणि गणित्याच्या हौसेनें त्यांत हिशेबहि मांडला. सोळा द्रव्यांतून कोणतींहि चार निवडण्याचे प्रकार १,८२० होतात. त्या चारांचे भाग कमीजास्त करून प्रत्येक निवडीचे ९६ भेद होतात. म्हणजे एकूण सुगंध १,७४,७२०. इतके सुगंध कोणी कधीं करून पाहिले असतील असें नाहीं. परंतु सुगंध ही मोजमापाची, प्रमाणांत बसविण्याची वस्तु आहे, हा विचार या आंकड्यांत आहे. याच अध्यायांत पारिजात नांवाच्या सुगंधांची कृति येते. त्यांतील द्रव्यें जायफळ, कस्तुरी आणि कापूर यांनीं ‘जागीं’ करावयाचीं, आणि मग सहकार व मध यांनीं भिजवावयाचीं. आंबा आणि मध! याहून गोड मिश्रण आजच्या अत्तरवाल्यानें तरी काय करावें?

हा पारिजात कोण वापरीत असे? बाणभट्टाच्या हर्षचरितांत एका देखण्या तरुणाचें वर्णन आहे. त्याच्या मुखांतून सहकार, कापूर, कंकोळ, लवंग आणि पारिजात यांचा परिमळ दरवळतो. घोडेस्वारांच्या पथकाबरोबर आलेला असा हा तरुण आहे. पुढें त्याच ग्रंथांत कामरूपचा राजा भास्करवर्मा हर्षाकडे नजराणे पाठवितो. हर्षाचा काळ ६०६ ते ६४७. त्या नजराण्यांत वेळूच्या जाड नळ्या आहेत, आणि त्यांत भरलें आहे सहकाराचा रस आणि काळ्या अगुरूचें तेल. एका राजानें दुसऱ्या राजाला, युद्धाच्या धामधुमींत, मैत्रीची खूण म्हणून आंब्याचा सुगंध पाठवावा, हें चित्र त्या लिंबाखालच्या तरुणाला दाखवावें असें मला फार वाटलें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. नळ्यांत आंब्याच्या जोडीला अगुरु आहे. गोड फळ आणि धुरकट लांकूड. ही जोडी पुढें पुन्हां भेटणार आहे.

मग आपल्या परंपरेंत सुगंधाला कसलीच आडकाठी नव्हती काय? होती, पण ती निराळ्या जागीं होती. मनुस्मृति ब्रह्मचाऱ्याला मध, मांस, गंध आणि माळा वर्ज्य सांगते. संन्याशाचा तर प्रश्नच नाहीं. विधवेच्या वांट्याला तीच बंदी आली, आणि ती किती निष्ठुरपणें पाळली गेली हें आपल्याकडील जुन्या घरांना सांगावयास नको. म्हणजे भेद होता तो गृहस्थ आणि विरक्त यांच्यांत, भोगाचा अधिकार असलेला आणि नसलेला यांच्यांत. पुरुषाचा वास कोणता आणि स्त्रीचा कोणता, अशी विभागणी या गंधयुक्तीच्या कृतींत मला दिसत नाहीं. सेवालाल महाराज स्वतः आजन्म ब्रह्मचारी म्हणून पूजिले जातात. त्यांच्या समाधीपासून हांकेच्या अंतरावर अत्तराची पेटी मांडली जावी आणि त्यांत कोणाला विसंगति वाटूं नये, हें मला तर मोठें गोड वाटलें. त्यांचा सुगंध होमाचा. पेटी आहे ती संसारी माणसांसाठीं.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा पुरावा मात्र पुढचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें सुमारें ११३० सालीं मानसोल्लास लिहिला. राजाच्या भोगांचें वर्णन करतांना स्नान, तांबूल यांबरोबर विलेपनालाहि त्यांत जागा आहे, आणि उटी ऋतुमानाप्रमाणें बदलावी असें तो सांगतो. उन्हाळ्याची उटी हिंवाळ्यांत चालावयाची नाहीं. राजानें स्वतः लिहिलेला ग्रंथ म्हणून त्याचें कौतुक होतें. परंतु तो संस्कृतांत आहे. मराठीनें या विद्येला हात घातला होता काय?

घातला होता, आणि ही गोष्ट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेंतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं उजेडांत आणिली. गोडे (१८९१–१९६१) हे त्या संस्थेचे ग्रंथपाल-अभिरक्षक. माणूस असा कीं, तपकीर, पेरू, मच्छरदाणी अशा क्षुद्र मानल्या गेलेल्या वस्तूंचा इतिहास तो पोथ्यांतून काढीत बसे. १९४५ सालीं त्यांनीं एका दुर्मिळ हस्तलिखिताचा परिचय प्रसिद्ध केला. त्यांत गंगाधराचा गंधसार हा ग्रंथ होता, आणि त्याच्या जोडीला गंधवाद नांवाचा दुसरा एक, ज्यावर मराठी टीका आहे! या मराठी टीकेसह गंधवादाचा काळ त्यांनीं सुमारें १३५० ते १५५० यांमध्यें ठरविला. पुढें १९८९ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत हे दोन्ही ग्रंथ छापून निघाले. ज्या मराठींतून संतांनीं भक्ति सांगितली, त्याच मराठींतून कोणी अनाम टीकाकार अत्तरें कशीं करावीं हें समजावून देत होता. आपल्या भाषेच्या इतिहासांत या टीकाकाराची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं, याचें मला दुःख होतें.

गंधसारांत सुगंध सिद्ध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. हीं नांवें जरा सावकाश उच्चारून पाहावीं. द्रव्यांत रस मुरवावयाचा, तें शिजवावयाचें, त्याला जागें करावयाचें, वेधावयाचें, धूप द्यावयाचा, फुलांच्या सहवासांत ठेवावयाचें. वराहमिहिराच्या कृतींत कस्तुरी-कापरानें ‘जागें करणें’ आपण पाहिलें, तोच हा बोध. ग्रंथाच्या शेवटच्या भागांत द्रव्यांची ओळख आणि पारख येते, कारण कस्तुरी-केशरांत भेसळ तेव्हांहि होत असे. म्हणजे सुगंधाचा न्याय करण्याची एक रीत या लोकांपाशीं होती. माल खरा कीं खोटा, क्रिया पुरी झाली कीं अर्धी, प्रमाण साधलें कीं चुकलें, ऋतूला जुळतो कीं नाहीं. लावणारा पुरुष कीं स्त्री, हा प्रश्न त्या यादींत नाहीं.

बोलण्यांतली मराठीहि हेंच सांगते. वासाविषयीं आपण काय म्हणतों? मंद, उग्र, भडक, खमंग. घमघमाट सुटला, दर्प आला, परिमळ दरवळला. या सगळ्या शब्दांत जोर किती आणि मात्रा किती याचाच विचार आहे. ‘बायकी वास’ हा शब्दप्रयोग मला तरी अलीकडचा वाटतो.

मोगलांच्या काळांत अरगजा आणि अत्तरें आलीं. अबुल फजलानें ऐन-इ-अकबरींत अकबराच्या सुगंधांच्या खात्याचें वर्णन करून कृति आणि द्रव्यांचे भावसुद्धां नोंदले आहेत. मराठ्यांच्या दरबारीं अत्तरगुलाब व पानसुपारी झाली म्हणजे बैठक संपली असें समजावयाचें. तलवार बाळगणारे सरदार हातावर गुलाबाचें अत्तर घेऊन उठत. लग्नकार्यांत आपल्या घरीं ही चाल अगदीं कालपर्यंत होती. गुलाब हा तर सुगंधांत गोडच. त्यानें कोणा सरदाराची मिशी खालीं आली नाहीं.

मग ही विभागणी आली कोठून? युरोपांतून. आणि तेथेंहि ती फार पुरातन नव्हे. कोलोन शहरांत फरीनाची पेढी १७०९ सालीं निघाली. तिच्या लिंबू-संत्र्याच्या जातीच्या पाण्यानें युरोप वेडें झालें, आणि नेपोलियन तसलें पाणी अंगावर ओतून घेत असे. पण त्याच सुमारास इंग्लंडांत ब्रमेल नांवाच्या एका छानछोकी गृहस्थानें असा दंडक घातला कीं, सभ्य पुरुषाला सुगंध नकोच. स्वच्छ धुतलेलें तागाचें कापड हाच त्याचा सुगंध. एकोणिसाव्या शतकाच्या काळ्या कोटाबरोबर हा दंडक स्थिरावला. पुरुषाला साबण, लव्हेंडर, फार तर कोलन. फुलें आणि मिठास बायकांकडे. आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या पिढीनें कोट घेतला तसा हा दंडकहि घेतला. आजोबांच्या कपाटांतली अत्तरदाणी नातवाला जुनाट वाटूं लागली, ती त्याच वाटेनें.

त्यांतच रसायनशास्त्रानें भर घातली. १८६८ सालीं पर्किन यानें कुमारिन कृत्रिम रीतीनें बनविलें, १८७४ सालीं व्हॅनिलाचें मुख्य सुगंधद्रव्य कारखान्यांत बनूं लागलें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं पिकलेल्या पीच फळाचा वास देणारें द्रव्य हातीं आलें. हें शेवटचें द्रव्य पॅरिसच्या गेर्लें पेढीनें १९१९ सालीं ‘मित्सुको’ या सुगंधांत घातलें. ती कुपी स्त्रियांसाठीं म्हणून गाजली, आणि फळ बायकांच्या बाजूला जाऊन बसलें. पुरुषांच्या बाजूला उरलें शेवाळ, तंबाखू, चामडें, देवदार. बाटलीवरच्या चिठ्ठीनें वासाची जात ठरविली; वासानें चिठ्ठी ठरविली नाहीं.

गंमत अशी कीं, ही चिठ्ठी शंभर वर्षेंहि नीट टिकली नाहीं. १९९५ सालीं गोतिए यांचा ‘ल माल’ निघाला, त्यांत व्हॅनिलाची मिठास होती. २००८ सालीं ‘वन मिल्यन’ आला, तोहि गोडच. आणि २०१० सालीं क्रीड पेढीचा ‘अव्हेंटस’ निघाला. त्याचा पहिला वास अननसाचा, काळ्या करंटाचा, सफरचंदाचा. खालीं मात्र बर्च लांकडाचा धूर. जगभरच्या पुरुषांत त्याचें वेड पसरलें. त्याची नक्कल आज जत्रेंतल्या लिंबाखालींहि मिळते, आणि त्या तरुणाच्या मनगटावर तीच असावी असा माझा कयास आहे. त्याचे शौकीन आपसांत वाद घालतात तो असा: आरंभीचें फळ फार पोरकट आहे काय, धूर पुरेसा आहे काय, या वर्षींचा घाणा गेल्या वर्षींच्या तोलाचा आहे काय. मला हा वाद ऐकतांना बाणभट्टाच्या वेळूच्या नळ्या आठवतात. आंबा आणि काळा अगुरु. अननस आणि जळकें बर्च. तेराशें वर्षांनीं तीच जोडी, तिकडच्या बाजारांतून फिरून आमच्याच दारीं, आणि आमच्या मुलाला तिची लाज!

अत्तरवाल्याच्या उत्तरांतहि जुनी पारख होती. फळांचा वास देणारीं द्रव्यें बहुधा हलकीं असतात. तीं आधीं उडतात. लांकूड, राळ, कस्तुरी यांचे वास जड, ते अंगाला धरून राहतात. चैत्रांतलें विदर्भाचें ऊन म्हणजे हा निवाडा लवकर करणारा न्यायाधीश. पहिल्या श्वासावर जो मत देतो तो फक्त साल चाखतो. दुकानांत कागदाच्या पट्टीवर हुंगून कुपी घेणाऱ्या आपल्यासारख्या शहरी ग्राहकांनाहि हें ठाऊक असतें असें नाहीं.

तासाभरानें तो तरुण परत आला. या वेळीं बरोबर त्याचे वडील होते. डोक्याला पांढरा फेटा, हातांत काठी. तरुणानें मनगट नाकाशीं नेलें, थोडा विचार केला आणि म्हणाला, “आता निराळंच येते, चाचा. धुरावानी.”

“अन् गोड?” अत्तरवाल्यानें विचारलें.

“हाये. पण मागं हाये.”

तेवढ्यांत वडिलांनीं हात पुढें केला. कोणतें अत्तर, कोणासाठीं, कांहींएक विचारलें नाहीं. अत्तरवाल्यानें त्याच कुपींत कापसाचा बोळा बुडवून त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं तो कानाच्या पाळीवरच्या घडींत नीट बसविला, फेटा सारखा केला, आणि ते समाधीच्या रांगेकडे निघाले. मुलगा पैसे मोजीत मागें राहिला होता.